पान तिसरं : धर्मग्रामाच्या बातम्यांची नोंदवही

बुधवार, ५ मार्च २०२५ (राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस)

सकाळच्या मिस्सानंतर (चर्चमधला ख्रिस्तप्रसादाचा विधी) कपाळावरची राख तशीच घेऊन फादरांच्या ऑफिसात गेले आणि काम पक्कं झालं. आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या कक्षेतल्या सगळ्या वस्त्यांच्या, पत्रिकेचं तिसरं पान आजपासून ईस्टरपर्यंत माझ्याकडे. पत्रिका आठ पानी, दर रविवारी मिस्सा सुटल्यावर दारात वाटतात. मजकूर बुधवारी रात्रीपर्यंत द्यायचा, गुरुवारी मांडणी, शुक्रवारी छपाई. तिसऱ्या पानावर आपल्या लोकांनी केलेल्या चांगल्या कामांच्या बातम्या द्यायच्या, आणि त्यातली दमदार असेल ती वसईच्या पानासाठी दैनिकाकडेही पाठवायची. मदतीला युवा गटातली दोघं. मुलगा फोटो काढतो. मुलीला कादोडी, ही इथली बोली, चांगली येते, टायपिंगही येतं. मी स्वतः जिल्हा पानासाठी बातमीदारी केली त्याला बरीच वर्षं झाली.

आजचं शुभवर्तमान, म्हणजे मिस्सातलं बायबलवाचन, मत्तयचं, सहावा अध्याय. दानधर्म करताना आपल्यापुढे कर्णा वाजवू नका, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका. राखेच्या बुधवारी दरवर्षी हेच वाचन असतं. आज मात्र ऐकताना पोटात गोळा आला, कारण तासाभरात माझ्या हाती कर्णाच येणार होता. फादरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "येशूच्या त्याच प्रवचनात, एक अध्याय अलीकडे, दिवा लावून कोणी मापाखाली ठेवत नाही असंही आहे. दोन्ही सांभाळून लिहा."

दोन्ही सांभाळायचं कसं, त्यासाठी ही वही.

रविवार, ९ मार्च

मागच्या दोन वर्षांचे अंक घेऊन दुपारभर बसले. बातम्यांचा साचा एकच. अमुक विभागातर्फे तमुक शिबिर मोठ्या उत्साहात संपन्न झालं, मान्यवरांचं शाल-श्रीफळ देऊन स्वागत झालं, प्रास्ताविक यांनी केलं, सूत्रसंचालन त्यांनी, आभार आणखी कुणी मानले. खाली फोटो, बॅनरसमोर रांगेत उभी माणसं. एका आरोग्य शिबिराच्या बातमीत चौदा नावं आहेत. तपासून घ्यायला आलेल्यांपैकी एकाचंही नाही. काय तपासलं, कुणाची साखर वाढलेली निघाली का, निघाली तर पुढे त्याच्यासोबत दवाखान्यात कोण गेलं, काहीच कळत नाही.

नावं छापण्यामागची भावना मी कमी लेखत नाही. पहाटे पाचपासून मंडपामागे बसून भाजी चिरणाऱ्या बाईला आपलं नाव छापून आलेलं बघून बरं वाटतं, वाटायलाच हवं. पण तिचं नाव या यादीत येतच नाही. यादी व्यासपीठावर असते तिथेच संपते.

पहिला नियम लिहून भिंतीवर लावला: 'संपन्न झाला' या शब्दांनी वाक्य संपवायचं नाही. मुलगी म्हणाली, "मग कशाने संपवायचं, ताई?" म्हटलं, कुणी काय केलं त्याच्या क्रियापदाने. चिरलं, उचललं, पोहोचवलं, रात्रभर बसून राहिली.

शुक्रवार, १४ मार्च

बाहेर धुळवड. संध्याकाळी क्रुसाच्या वाटेला (उपवासकाळातली प्रार्थना) आलेल्या मुलांच्या कानामागे अजून गुलाबी रंग होता.

प्रार्थना झाल्यावर सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या काकांना गाठलं. चर्चच्या मागच्या खोलीत त्यांचं भांडार आहे. दोन हॉस्पिटलच्या कॉट, चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या, हवेच्या गाद्या. कुणाच्याही घरी पडझड झाली, ऑपरेशन झालं, तर इथून वस्तू जाते आणि गरज संपली की परत येते. पैसे नाहीत, अर्ज नाही, जातधर्माची चौकशी नाही. माझ्या मते धर्मग्रामातली ही सगळ्यात मोठी बातमी आहे आणि ती आजवर एकदाही छापलेली नाही.

काकांनी मान हलवली. "फोटो नको, नाव नको. आणि ज्यांच्या घरी आम्ही जातो त्यांचं तर नकोच नको." सोसायटीची रीतच ती आहे. घरभेटीला दोघांनी जोडीने जायचं आणि त्या घरातलं बोलणं बाहेर न्यायचं नाही. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन हे काम सुरू केलं, तेव्हापासून गरिबाच्या दारी स्वतः जायचं हाच त्याचा गाभा आहे. काकांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण ते बरोबर होते.

निघताना एवढंच विचारलं, "वही बघू का?"

"नावांवर हात ठेवून बघ," ते म्हणाले.

मंगळवार, १८ मार्च

काकांची वही. लाल रेघांची, पुठ्ठ्याला खाकी कागद, पहिल्या पानावर क्रूस काढलेला. वस्तूचा क्रमांक, गेली त्याची तारीख, परत आली त्याची तारीख, शेरा. नावांच्या रकान्यावर त्यांनी खरोखरच पोस्टकार्ड ठेवलं होतं. मी शेरे वाचत गेले. 'बूच झिजले, नवीन लावले.' 'मुलगा स्वतः परत घेऊन आला.' 'पेशंट वारले. घरच्यांनी धुऊन दिला.' 'लग्न आहे, दोन दिवस जास्त.'

वॉकर क्रमांक ४. सहा वर्षांत एकोणीस घरं. काकांनी तो मला दाखवला. ॲल्युमिनियमची चमक गेलेली, डाव्या मुठीवर कुणीतरी सुती कापडाची पट्टी गुंडाळून दोऱ्याने शिवलेली. मूठ घामाने घसरते म्हणून कुणी आजीने शिवली असावी. परत करताना तिने ती काढली नाही, पुढच्यानेही काढली नाही, आणि आता ती वॉकरचाच भाग झाली आहे. मी ती शिवण बराच वेळ बघत उभी होते. टाके बारीक, एकसारखे, सवयीच्या हाताचे.

बातमी सापडली. बातमी वॉकरची. तो कुठे कुठे गेला, किती दिवस राहिला, परत कसा आला. माणसाचं एकही नाव नाही, काकांचंही नाही, आणि तरी अख्खं काम दिसतं. साडेतीनशे शब्द. शेवटी फक्त भांडार कुठे आहे आणि किती वाजता उघडतं.

काकांना आधी वाचून दाखवली. 'परोपकारी' हा एकच शब्द त्यांनी काढायला लावला.

सोमवार, २४ मार्च

वॉकरची बातमी काल वाटली गेली. आज भांडारात दोन कुबड्या आणि एक कमोडची खुर्ची येऊन पडली आहे. कुणाच्या तरी माळ्यावर धूळ खात होती.

सोमवार, ३१ मार्च

माझी चूक. सगळी लिहून ठेवते.

कालच्या अंकात उपवासकाळातल्या शिधावाटपाची बातमी होती. मजकूर बरा होता. तांदूळ, डाळ, तेल कुणी कुठून आणलं, पिशव्या कुणी भरल्या, सगळं होतं. फोटो मात्र मी घाईत निवडला. एक बाई पिशवी घेताना, चेहरा स्पष्ट, नजर खाली. फोटो म्हणून चांगला होता, म्हणूनच निवडला. तिला विचारलं नव्हतं. मुलाने मला विचारलं होतं, "चालेल ना?" आणि मी चालेल म्हणाले होते.

आज सकाळी तिचा मुलगा दारात आला. दहावी-अकरावीतला असेल. ओरडला नाही. "आईला कामावर दोघींनी विचारलं, तुम्हाला चर्चमधून मिळतं का म्हणून," एवढंच म्हणाला. मला बोलता येईना.

संध्याकाळी एकटीच तिच्या घरी गेले. माफी मागितली. तिने पाणी दिलं, बसवलं. खूप वेळ ती काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "घेताना काढलास. देताना कधी आली होतीस का बघायला?" मला वाटलं ती रागाने बोलतेय. पण ती खरंच काहीतरी सांगत होती. पाड्याच्या वळणावर जो क्रूस आहे तो दर शनिवारी ती धुते. तिची सासू धुवायची, सासू गेल्यावर ती.

उरलेले अंक ऑफिसातून परत घेतले. ऑनलाइन टाकलेला फोटो काढला. दुसरा नियम भिंतीवर: घेणाऱ्याचा चेहरा छापायचा नाही. आणि प्रत्येक फोटोतल्या माणसाला आधी विचारायचं, छापणार कुठे आणि वाचणार कोण हे सांगून. नुसतं "फोटो काढू का?" हे विचारणं पुरेसं नाही. माणूस हो म्हणतो ते कॅमेऱ्याला, चौकातल्या चर्चेला नव्हे.

शनिवार, ५ एप्रिल

सकाळी साडेसहाला वळणावरच्या क्रुसापाशी. फोटो काढणाऱ्या मुलाला मुद्दाम आणलं नाही.

तिने आधी मेणबत्त्यांचं जुनं मेण सुरीने खरवडून काढलं, ते एका डब्यात साठवलं. घरी वितळवून पुन्हा वात घालते. मग नारळाच्या शेंडीने दगड घासला, खालपासून वर. वरून घासलं की मळ खाली ओघळतो आणि दोनदा काम होतं, असं सासूने शिकवलेलं. शेजारच्या विहिरीचं पाणी सहा कळश्या. शेवटी झेंडूचा हार, घरच्या झाडांचा. साडेसातला ती कामावर गेली.

मी काही विचारत बसले नाही. मोजत राहिले, कळश्या, वेळ. बातमी लिहायला बसल्यावर असं मोजलेलंच उपयोगी पडतं.

मंगळवार, ८ एप्रिल

क्रुसाची बातमी तिला वाचून दाखवली. नाव घालू का विचारलं. "घाल. सासूचंही घाल," म्हणाली. दोघींची नावं घातली.

दैनिकाच्या डेस्कवरून फोन. वॉकरची बातमी त्यांनी घेतली, पण 'धर्मग्राम' म्हणजे गाव का असं विचारत होते. राग यायचं कारण नाही. आपले शब्द आपल्यापुरते राहिले यात आपलाही दोष आहे. बाहेरच्या वाचकासाठी एक कागद करून पाठवला. धर्मग्राम म्हणजे एका चर्चच्या कक्षेतल्या सगळ्या वस्त्या मिळून. धर्मप्रांत म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतला प्रदेश, जसा वसईचा, जो १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा झाला. नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. मिस्सा ही मिस्साच, तिला पूजा किंवा प्रार्थनासभा म्हणू नये. बातमीत शब्द पहिल्यांदा येईल तिथे ओघात चार शब्दांत समजावायचा, म्हणजे शेजारच्या गावातल्या वाचकालाही अडखळायला होणार नाही.

आणखी एक ठरवलं. सेवेच्या बातमीत लाभ झालेल्यांचा धर्म लिहायचा नाही. 'इतर धर्मीयांनाही मदत' ही ओळ आपण कौतुकाने लिहितो. ती घेणाऱ्याला उपकाराखाली दाबते आणि वाचणाऱ्याच्या मनात नको ते प्रश्न उभे करते. वॉकर गेला तो मोडलेल्या पायाच्या घरी गेला.

रविवार, १३ एप्रिल (झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा)

मिस्सानंतर युवा गटातल्या दोघांना घेऊन बसले. बायबलमधला एक प्रसंग वाचून दाखवला, प्रेषितांची कृत्ये, नववा अध्याय. याफोत दुर्कस नावाची बाई वारली. येशूचा शिष्य पेत्र आला तेव्हा गावच्या विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहिल्या आणि दुर्कसने जिवंतपणी शिवलेले अंगरखे आणि कपडे त्याला दाखवू लागल्या. ती फार दानशूर होती असं भाषण कुणी केलं नाही. कपडे दाखवले. बातमी लिहायची ती अशी. मुलीने लगेच वॉकरच्या मुठीवरच्या टाक्यांची आठवण काढली.

आपल्याकडे हे काम नवं नाही हेही त्यांना सांगितलं. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनने सुरू केलं. आणि शब्द बघा: शुभवर्तमान आणि वर्तमानपत्र. वर्तमान म्हणजे बातमी, हा अर्थ दोन्हीकडे तोच. मराठीने दोघांना एका घरात जन्म दिला आहे. मुलाला हे फार आवडलं, त्याने वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं.

सोमवार, २१ एप्रिल

दुपारी सव्वाच्या सुमारास रोमहून बातमी आली. पोप फ्रान्सिस गेले. काल ईस्टरला ते सेंट पीटर्सच्या सज्जात आले होते, त्यांचा थकलेला हात टीव्हीवर बघितला होता.

अंक पूर्ण बदलायचा. प्रत्येकजण मला 'आपल्या गावाचा काही संबंध' शोधायला सांगतोय. ओढूनताणून संबंध जोडणार नाही.

रात्री जे लिहिलं ते एवढंच: पवित्र गुरुवारी, ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, १७ तारखेला, ते रोमच्या रेजिना चेली तुरुंगात गेले होते. येशूने शिष्यांचे धुतले तसे या दिवशी बहुतेक वर्षी ते कैद्यांचे पाय धुवायचे. यंदा शरीर साथ देत नव्हतं, पाय धुता येणार नव्हते, तरी गेले. सत्तरेक कैद्यांना भेटले. मृत्यूच्या चार दिवस आधी. त्यांच्यावर आज जगभर हजारो शब्द छापले जातील, मला या एका भेटीत सगळे सापडले. 'जे जमणार नाही ते माहीत असूनही गेले' हे वाक्य तीनदा लिहून तीनदा खोडलं, शेवटी विशेषणाशिवाय तसंच ठेवलं.

रविवार, २७ एप्रिल

बावखलाचं काम सुरू.

बावखल म्हणजे आमच्या वसईचं गोड्या पाण्याचं जुनं तळं. पूर्वजांनी वाडीच्या कडेला खणलेलं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, जमिनीत मुरायचं, आणि विहिरी गोड राहायच्या. समुद्र इतका जवळ असून केळी, पानवेली, फुलं इथे पिकली ती याच पाण्यावर. रहाट गेले, पंप आले, बावखलांकडे कुणी बघेना. किती तरी बुजवली गेली. आमच्या धर्मग्रामाच्या हद्दीतलं हे एक उरलेलं, जलपर्णीने भरून हिरवं मैदान झालेलं. पावसाआधी गाळ काढायचा आणि जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत काम पुरं करायचं, असं पॅरिश कौन्सिलने, म्हणजे धर्मग्रामाच्या समितीने, ठरवलं.

पहाटे साडेपाचला पन्नासेक माणसं. उद्घाटन होणार होतं. फादरांनी ते नको म्हणून सांगितलं, 'आमच्या बापा' ही प्रार्थना एकदा म्हटली आणि स्वतः पँट दुमडून आत उतरले.

रविवार, ११ मे

तिसरा रविवार. गाळाचा वास कपड्यांतून दोन दिवस जात नाही.

गाळात काय काय निघालं ते मी काठावर बसून लिहून घेत होते. फाटकी जाळी, टायर, एक पितळी कडी, रहाटाच्या गाडग्यांची खापरं. निर्माल्याच्या प्लास्टिकच्या पिशव्या निघाल्या, तसे क्रुसांवर घालतात त्या प्लास्टिकच्या हारांचे गुंतेही निघाले. एका स्वयंसेवकाने मला बाजूला घेऊन विचारलं, पिशव्यांचं लिहिणार का? म्हटलं, लिहिणार तर दोन्ही लिहिणार, नाहीतर एकही नाही. दोन्ही लिहिलं.

काठावरच्या घरातल्या आजींशी बोलले. वय चौऱ्याऐंशी, लाल लुगडं, कानाला कमी ऐकू येतं. कादोडीत बोलत होत्या, मुलगी लिहून घेत होती. लहानपणी रात्री झोप लागायची ती रहाटाच्या कुरकुरीवर. आवाज थांबला की जाग यायची, कारण थांबला म्हणजे बैल थांबला आणि बापाला उठवायला हवं. हे ऐकलं आणि बातमीची सुरुवात मिळाली.

त्यांचं बोलणं प्रमाण मराठीत आणताना मुलगी अडली. तिने केलेलं पहिलं रूप असं: 'रहाटाचा ध्वनी खंडित होताच मला जाग येत असे.' आजी असं बोलतील का? मग तिने त्यांच्यासारखं हळू म्हणून बघितलं आणि लिहिलं: 'कुरकुर थांबली की मी उठून बसायची.' हे खरं.

खापरांचा एक तुकडा आजींना दाखवला. अंगठ्याने पुसून त्यांनी काठावरची खाच दाखवली, तिथे दोरी बसायची. गाडगं रहाटाला बांधायचं ते असं, म्हणून हवेत गाठ मारून दाखवली. सत्तर वर्षांपूर्वीची गाठ, बोटं जराही चाचपडली नाहीत.

मंगळवार, १३ मे

नवे पोप, लिओ चौदावे, काल पत्रकारांना भेटले. शब्दांतली शस्त्रं खाली ठेवा म्हणजे जगातली ठेवायला मदत होईल, अशा अर्थाचं बोलले. फ्रान्सिस यांच्या या वर्षीच्या संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशातही संवाद निःशस्त्र करण्याचीच हाक होती. दैनिकाला पाठवायच्या मजकुरातून 'अनास्थेचे बळी ठरलेले बावखल' ही माझी ओळ काढली. कुणाची अनास्था, ते मला पुराव्याने सांगता येत नव्हतं.

सोमवार, २६ मे

पाऊस आला. मे महिन्यातच. हवामान खात्याने आज मान्सून मुंबईत आल्याचं जाहीर केलं. आमच्या हिशोबाला दहाएक दिवस बाकी होते.

पूर्वेकडचा कोपरा राहिला. काल दुपारी आभाळ भरलं तेव्हा कुणी निरोप न पाठवता माणसं आली. पलीकडच्या आळीतले वाडवळ समाजाचे शेजारी ट्रॅक्टर घेऊन आले, त्यांनी रात्री नऊपर्यंत गाळ ओढला. तरी कोपरा राहिला तो राहिलाच.

मथळ्यावर पॅरिश कौन्सिलमध्ये चर्चा झाली. काहींना 'चर्चने केले बावखलाचे पुनरुज्जीवन' हवा होता. मी आग्रह धरला. ट्रॅक्टर चर्चचा नव्हता, डिझेल चर्चचं नव्हतं, आणि पाणी ज्या विहिरींत मुरणार त्याही सगळ्यांच्या. मथळा ठरला: 'बावखल पुन्हा पाण्याचं, पूर्वेचा कोपरा पुढच्या वर्षी'.

रविवार, १ जून (जागतिक संपर्कमाध्यम दिन)

चर्च हा दिवस १९६७ पासून पाळतं. यंदाचा विषय पेत्राच्या पहिल्या पत्रातल्या तिसऱ्या अध्यायावरून: तुमच्या अंतःकरणातली आशा सौम्यतेने इतरांना द्या. फादरांनी प्रवचनात बावखलाची बातमी वाचून दाखवली. आजी पहिल्या बाकावर होत्या. त्यांना ऐकू गेलं नसावं, म्हणून मिस्सानंतर मुलीने त्यांच्या कानाशी पुन्हा वाचली. 'उठून बसायची' या शब्दांशी आजींनी तिचा हात धरला.

दैनिकाने बातमी फोटोसकट घेतली. मथळ्यातला दुसरा भाग गाळला.

रविवार, ६ जुलै

बावखलावर गेले होते. पाणी काठोकाठ. एक खंड्या बसलेला. आणि पूर्वेच्या कोपऱ्यातून जलपर्णी पुन्हा पसरतेय, चटई उलगडावी तशी.

बुधवार, ९ जुलै

आज फादरांशी बराच वेळ बोलणं झालं. जलपर्णी परत आल्याची बातमी मला याच अंकात, तिसऱ्याच पानावर हवी होती. फादरांना शंका होती. लोकांनी इतके कष्ट केले, त्यांचा हिरमोड होईल, आणि पान तर चांगल्या बातम्यांचं.

माझं म्हणणं मी मांडलं. दीड महिन्यापूर्वी आपण लिहिलं की पूर्वेचा कोपरा राहिला. तेव्हा लोकांनी विश्वास ठेवला. आता जे दिसतंय ते लिहिलं नाही, तर पुढच्या वेळी बावखल भरलं असं लिहू तेव्हा कोणी का मानावं? माणसं रोज त्या वाटेने जातात, हिरवं दिसतंय त्यांना. आणि त्या कोपऱ्यापर्यंत पोहोचायला होडी लागते, ही माहिती छापली तरच होडी मिळेल. शिबिरातल्या त्या साखर वाढलेल्या माणसाचं पुढे काय झालं, हाच प्रश्न इथेही आहे. काम झालं त्या दिवशीच बातमी संपवायची सवय आपल्याला लागली आहे.

फादर थोडा वेळ गप्प राहिले. "छापा," म्हणाले, "पण खाली माझा फोन नंबर द्या. होडीचं मी बघतो."

सोमवार, २१ जुलै

काल नऊजण आले. होडी किनाऱ्यावरच्या कोळी कुटुंबाने दिली, टेम्पोतून आणली. पाऊस दिवसभर. कोपऱ्याचा तिसरा हिस्सा मोकळा झाला. क्रूस धुणारी बाई मुलाला घेऊन आली होती. मुलगा होडीत होता, कोयता त्याच्याच हाती. त्याने मला हात केला.

फोटो काढायच्या आधी आमच्या फोटोवाल्या मुलाने त्याला विचारलं. "काढ," तो म्हणाला, "पण कोयता दिसू दे."

शुक्रवार, २५ जुलै

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना जाऊन आज वर्ष झालं. सकाळी त्यांच्यासाठी मिस्सा.

१९८३ ते २००७ ते 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते. आमच्या घरी अंक यायचा, बाबा आधी वाचायचे. मग माझी पाळी. वसईतली जमीन, पाणी, झाडं हा धर्मगुरूने बोलायचा विषय आहे, हे मला त्या पानांतून कळलं. हरित वसईच्या लढ्यात ते रस्त्यावर उतरले, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून साऱ्या महाराष्ट्राशी बोलले. त्यांची मराठी स्वच्छ होती. वाचताना हा मजकूर ख्रिस्ती माणसाचा की आणखी कुणाचा, हे मनात यायचंच नाही. विहिरीच्या पाण्याला जसं कुणी विचारत नाही.

आज त्यांच्यावर मोठा लेख लिहावा असं वाटत होतं. नाही लिहिला. बावखलाचा ताजा फोटो आणि खाली चार ओळी, एवढंच दिलं.

बुधवार, ३० जुलै

मुदत ईस्टरपर्यंतची होती, पान अजून चालू आहे. मुलगी आता स्वतः बातमी आणते. या अंकात तिची पहिली: कोयरमध्ये (चर्चच्या गायनवृंदात) पेटी वाजवणारे आजोबा डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर तीन आठवडे आले नाहीत, तर चौथीतल्या एका मुलाने सूर धरून ठेवला. तिने त्याची बोटं किती पट्ट्यांपर्यंत पोहोचतात ते मोजून आणलं आहे.

उद्या मांडणी. त्याआधी करायचं: आजोबांना फोन, डोळा कसा आहे. मुलाच्या आईची परवानगी. काकांकडून वॉकर क्रमांक ४ कुठे आहे ते, फक्त तारीख. रविवारसाठी होडी पुन्हा मागायची आहे, टेम्पोवाल्याला आजच सांगणे.